डार्क लागर चाखायची कशी: खरपूस आणि करपट यांमधली रेघ

काळी बिअर म्हटली की बहुतेकांना जड, कडू, कॉफीसारखं काहीतरी आठवतं. हा समज स्टाउट नावाच्या काळ्या बिअरमुळे रुजला आहे. तोच डार्क लागरला लावला की चाखणं पहिल्याच घोटाला चुकतं. डार्क लागर रंगाने काळी असली तरी स्वभावाने लागर आहे. ती थंडीत सावकाश आंबवलेली, शून्याच्या आसपास काही आठवडे मुरवलेली असते आणि घोट गेल्यावर तोंड मोकळं करते. तिच्याकडे मागायचं ते एवढंच: भाजलेपण खरपूस असावं, करपट नको, आणि शेवट स्वच्छ असावा. पुढची सगळी तपासणी या दोन मागण्यांसाठी आहे.

या परीक्षेसाठी मराठीत नेमके शब्द आधीपासून आहेत. तव्यावरून थेट विस्तवावर फुगवलेली ज्वारीची भाकरी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर तपकिरी डाग असतात, त्यांचा वास खमंग असतो आणि चावताना किंचित गोडवा लागतो. कडेला एखादा डाग कोळशासारखा काळा पडलेला असतो. तेवढाच तुकडा मोडून तोंडात टाका. जीभ आक्रसते, राखेची चव येते आणि ती पुढच्या दोन घासांवरही राहते. पहिली चव खरपूस, दुसरी करपट. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भाजताना हेच घडतं. धान्यातली साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेने एकमेकांत मिसळून तपकिरी, सुवासिक संयुगं बनतात. उष्णता फार वाढली की त्यांचा कोळसा होतो. धान्याच्या टरफलातून तुरटपणा येतो तो वेगळाच. म्हणून चांगले ब्रूअर (बिअर बनवणारे) टरफल काढून भाजलेलं काळं माल्ट वापरतात. जर्मनीतल्या बाम्बर्गच्या वायरमान कंपनीचं 'काराफा स्पेशल' हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव.

आधी ओळखा, समोर काय आहे

टॅपच्या पाटीवर नुसतं 'डार्क लागर' लिहिलेलं असतं. त्याखाली निदान तीन वेगवेगळ्या बिअर असू शकतात, आणि एकीचा गुण दुसरीत दोष ठरतो. त्यामुळे गुण देण्याआधी ब्रूअरला विचारा, करायची कोणती होती.

म्युनिकची डंकेल ही पावासारखी. अल्कोहोल साधारण ४.५ ते ५.६ टक्के, कडवटपणा १८ ते २८ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), म्हणजे सौम्य. बहुतांश किंवा सगळं माल्ट म्युनिक माल्ट. बेकरीतून नुकत्याच आलेल्या पावाची तपकिरी कड, थोडं कॅरमल, थोडा कोको. भाजल्याचा करपट स्पर्श इथे अजिबात नको. म्युनिकमध्ये श्पाटेन ब्रूअरीने फिकी हेलेस लागर १८९४ साली आणली, तोवर तिथली रोजची बिअर हीच होती. दुसरी श्वार्झबिअर, म्हणजे शब्दशः काळी बिअर. ती ४.४ ते ५.४ टक्क्यांची, जास्त कोरडी, २० ते ३५ आयबीयू. तिच्यात कडू चॉकलेटची हलकी छटा चालते, पण स्टाउटइतकी नाही. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या कोस्ट्रिट्झचं नाव तिच्याशी जोडलं जातं. तिथला ब्रूअरीचा इतिहास १५४३ पर्यंत मागे जातो. तिसरी चेक 'त्माव्हे'. प्रागच्या 'उ फ्लेकू'मध्ये १४९९ पासून बिअर बनते आणि तिथली काळी लागर प्रसिद्ध आहे. ही तिघींत सर्वांत गोलसर. काकवीसारखा गोडवा, मनुका, आणि लोण्याच्या वासाची पुसट छटाही शैलीत बसते. हाच लोण्याचा वास श्वार्झबिअरमध्ये आला तर गुण कापायचे.

तयारी

एका बैठकीला चार नमुने पुष्कळ. प्रत्येकी ८० मिली धरा. फिकी आणि हलकी आधी, गडद आणि जोरकस नंतर. आधीचा तासभर सिगारेट, पान, तंबाखू, कॉफी नको. मामलेदारची मिसळ चाखून आलात तर दीड-दोन तास जाऊ द्या. तिखटाने पेटलेल्या जिभेला तुरट आणि करपट यांतला फरक कळत नाही. मधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे किंवा पाव. चकली, शेंगदाणे, वेफर्स नंतर. मीठ कडवटपणा दाबतं आणि सगळ्याच बिअर चांगल्या वाटायला लागतात.

घरी चाखणार असाल तर खोलीत अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती, फोडणी यांपैकी काहीही नको. हातावर ओडोमॉस चोळलेलं असेल तर पेला नाकाशी नेताच पहिला वास त्याचाच येतो. वास घेताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, कारण पेल्यावर साठलेला सुगंध तो उडवून नेतो.

पेला काचेचा, वर किंचित निमुळता. वाइनचा साधा ग्लास उत्तम. कटिंग चहाचा ग्लास लहान आणि सरळ असतो, त्यात बिअर गोल फिरवता येत नाही. पेला एक तृतीयांशच भरा. भांड्यांच्या साबणाचा थर राहिला की फेस दोन मिनिटांत मरतो आणि दोष बिअरवर जातो. म्हणून पेला धुतल्यावर साध्या पाण्याने तीनदा खळबळा आणि उपडा ठेवून वाळवा. फडक्याने पुसू नका, फडक्यावर तेल असतं. तपासायचं तर ओल्या पेल्याच्या आत चिमूटभर मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर पेला स्वच्छ, जिथे चिकटणार नाही तिथे तेलकटपणा आहे. मग पुन्हा विसळा.

तापमानाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. फ्रीजमधून काढलेली बिअर ४ अंशांना असते आणि एवढ्या थंडीत माल्टचा सुगंध वर येतच नाही. ती फक्त गार आणि कडू लागते. ७ ते १० अंश योग्य. ठाण्याच्या उकाड्यात, एसी नसलेल्या खोलीत ३३० मिलीची बाटली फ्रीजबाहेर दहा-पंधरा मिनिटं ठेवली की त्या जवळपास येते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर पहिल्या वेळी मोजूनच घ्या, पुढे हाताला अंदाज येतो. बर्फात गोठवलेला मग कुणी आणला तर साधा पेला मागा. मगच्या भिंतीवरचं हिम बिअरमध्ये विरघळतं आणि फेस बिघडवतं.

पाहणं आणि हुंगणं

ओतताना पेला तिरपा धरा, अर्धी ओतून झाली की सरळ करा. दोन बोटं फेस यायला हवा. फेस दुधाळ बदामी, बारीक बुडबुड्यांचा असावा आणि पेल्याच्या काचेला जाळी सोडत खाली जावा. मग पेल्यामागे मोबाइलचा टॉर्च लावा. डंकेल तांबूस तपकिरी किंवा डाळिंबी झळकते. श्वार्झबिअर टॉर्चशिवाय काळी आणि टॉर्चपुढे माणकासारखी लाल. लागर मुरलेली असेल तर ती स्वच्छ दिसते. गढूळ दिसली तर यीस्ट बसलेलं नाही, म्हणजे बहुधा मुरायला वेळ कमी मिळाला आहे. इथे एवढं ध्यानात ठेवून पुढे जा. शेवटी दिलेल्या गुणांच्या पद्धतीत दिसण्याला ५० पैकी ३च गुण आहेत.

पहिला वास ओतल्यापासून अर्ध्या मिनिटात घ्या, कारण गंधकाचा वास सर्वांत आधी उडून जातो. नाक पेल्यात खुपसून लांब श्वास घेऊ नका. कुत्रं हुंगतं तसे दोन-तीन छोटे, तुटक श्वास घ्या. नंतर तळहाताने पेला झाका, गोल फिरवा, हात काढा आणि पुन्हा हुंगा. नाक थकलं असं वाटलं तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, नाक परत शून्यावर येतं.

वासाला नाव देताना परक्या याद्या पाठ करू नका. पावाची कड, फुटाणे, भाजलेले तीळ, गूळ, काकवी, खारीक, काळा मनुका, कोको हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात यातले बरेच जिन्नस मिळतात. प्रत्येकाचं चमचाभर छोट्या वाटीत घालून शेजारी ठेवा आणि अडलात की वाटी हुंगा. 'काहीतरी गोडसर' यापेक्षा 'खारीक आहे, मनुका नाही' हे लिहिणं फार उपयोगाचं, कारण त्यातून पुढे कारणापर्यंत जाता येतं.

घोट

घोट पुरेसा मोठा घ्या, साधारण १५ मिली. पाच सेकंद तोंडात फिरवा आणि गिळा. थुंकू नका, गिळताना घशामागून नाकात जाणारा वास हीच अर्धी चव. खात्री करायची तर एकदा नाक चिमटीत धरून घोट गिळा, मग चिमूट सोडा. सोडताच जे उमटतं तो सुगंध. नाक बंद असताना कळलं ते खरं गोड, कडू, आंबट.

इथे एक गफलत नेहमी होते. माल्टचा वास गोड असतो म्हणून बिअर गोड आहे असं लिहिलं जातं. वास गोड आणि शेवट कोरडा, हे चांगल्या डंकेलचं लक्षणच आहे. जीभ टाळूला लावून सोडा. चिकटली तर साखर खरोखर उरली आहे.

आता मुख्य परीक्षा. गिळल्यावर मनात तीसपर्यंत मोजा. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा येतो, चढतो आणि ओसरतो. करपटपणा ओसरत नाही. टाळूवर राखेसारखा बसतो आणि दुसऱ्या घोटाच्या आधी पाणी प्यावंसं वाटतं. तुरटपणा हा तिसरा प्रकार, आणि ती चव नसून स्पर्श आहे: जांभूळ खाल्ल्यावर जीभ दातांवर घासली जाते, अगदी तसं. कडू, करपट, तुरट हे तीन शब्द कागदावर वेगळे लिहा, कारण तिन्हींची कारणं वेगळी आहेत. कडू जास्त म्हणजे हॉप्सचा हिशेब चुकला. करपट म्हणजे काळं माल्ट जास्त पडलं किंवा टरफलासकट वापरलं. तुरट म्हणजे बहुधा मॅशमधून (दळलेलं माल्ट आणि गरम पाणी यांच्या मिश्रणातून) टरफलाचं टॅनिन उतरलं: माल्ट धुताना पाणी फार गरम होतं, किंवा त्याचा पीएच चढलेला होता.

पाण्याचा संबंध इथे आहे. म्युनिकच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. काळं माल्ट आम्लधर्मी. दोघं एकमेकांना सांभाळतात आणि मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये राहतो. ब्रूअरने आरओचं पाणी घेतलं, क्षार पुरेसे घातले नाहीत आणि काळं माल्ट मात्र पूर्ण टाकलं, तर पीएच खाली घसरतो. मग बिअर पातळ आणि टोचरी लागते, जिभेच्या कडांना आंबूस चावा जाणवतो. जिवाणूंचा संसर्ग समजून तिला नाकारू नका. संसर्गाचा आंबटपणा दह्यासारखा असतो आणि दिवसागणिक वाढतो.

तोंडातला भार मध्यम हवा. पाणचट नको, सरबतासारखा दाटही नको. बुडबुडे मऊ, सोड्यासारखे टोचले तर माल्ट झाकलं जातं.

एवढं लिहून झालं की पेल्यात दोन घोट ठेवून पंधरा मिनिटं थांबा. १४-१५ अंशांना आलेली लागर काहीच लपवू शकत नाही. थंड असताना सुरेख लागलेली बिअर इथे ओशट, शिळी किंवा करपट निघाली तर गुण या दुसऱ्या फेरीवरून द्या.

दोष कुठून येतात

डार्क लागरमध्ये सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे डायअ‍ॅसिटिल. पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास आणि जिभेवर ओशट, बुळबुळीत थर. आंबवताना यीस्ट त्याचा पूर्वज पदार्थ बाहेर टाकतं आणि त्यातून झालेलं डायअ‍ॅसिटिल शेवटी पुन्हा शोषून घेतं. पण त्याला वेळ आणि थोडी ऊब लागते. म्हणून ८ ते १२ अंशांना आंबवलेली लागर शेवटी दोन-तीन दिवस १५ ते १८ अंशांवर नेतात आणि मगच थंड करतात. मायक्रोब्रूअरीत टाक्या मोजक्या. एल (उबेत झटपट आंबणारी बिअर) दोन-तीन आठवड्यांत टाकी रिकामी करते, लागर दीड-दोन महिने अडवते. शनिवार-रविवारची गर्दी समोर असताना पहिली काटछाट या मुरवण्यातच होते. हे लपवूनही ठेवता येतं, म्हणून साधी चाचणी करा: बिअरचे दोन नमुने झाकणबंद बरण्यांत घ्या, एक फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा ६०-६५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं. नंतर दोन्ही सारखे गार करून हुंगा. गरम केलेल्यात बटर आलं आणि थंड्यात नसलं तर बिअर टाकीतून लवकर काढली आहे, आणि पुढच्या काही दिवसांत टॅपवरही हा वास येणार. बटरबरोबर आंबटही लागलं तर दोष यीस्टचा नाही. जिवाणूंचा आहे, आणि ते बऱ्याचदा टॅपच्या नळीत असतात. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात. दुपारी उघडल्याबरोबरचा पहिला पेला नळीत रात्रभर थांबलेला असतो; तो न मोजता दुसरा मागा.

उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड). फिक्या लागरमध्ये तो जास्त, कारण फिक्या माल्टमध्ये त्याचा पूर्वज पदार्थ शिल्लक असतो. म्युनिक माल्ट जास्त तापवलेलं असल्याने त्यात तो बराचसा उडून गेलेला असतो. तरीही काळ्या लागरमध्ये मका आला तर उकळणं कमी पडलं का, वर्ट (माल्टचा न आंबवलेला रस) गार करायला उशीर झाला का, हे विचारा. हिरव्या सफरचंदाचा वास अर्धवट आंबवण्याचा. काडी ओढल्यासारखा किंवा अंड्याचा गंधक ओतताना आला आणि दोन मिनिटांत गेला तर सोडून द्या. टिकला तर मुरवण कमी.

पितळेच्या कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, त्या चवीची बिअर लागली तर धातू कुठून आला हे शोधावं लागतं: जुना जोड, खरवडलेला पाइप, लोखंडाचं पाणी. ही कळकलेली चव पेला हुंगून कमी आणि घोट घेतल्यावर जास्त कळते.

शिळेपणा काळ्या बिअरमध्ये फसवा असतो. फिकी बिअर जुनी झाली की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. काळीत आधी खारीक आणि शेरीसारखा गोडवा चढतो, आणि तो गुण समजून लोक खूश होतात. ओळख अशी: खारीक आहे पण पावाची कड गायब आहे, आणि घोटाचा शेवट पुठ्ठ्यासारखा कोरडा, सपक लागतो. मग बाटलीवरची तारीख बघा. ब्रूअर लोकांचा जुना अंदाज आहे की ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, यांत बिअर सारखीच म्हातारी होते. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या घरात बाटली कपाटात ठेवणं म्हणजे काय, ते यावरून समजावं.

नाक तयार करणं

दोष वाचून कळत नाहीत, एकदा मुद्दाम घडवून चाखावे लागतात. साधी फिकी लागर घ्या आणि ३०० मिलीला हे करून बघा. टिनमधल्या स्वीट कॉर्नचं पाणी एक चमचा: डीएमएस. १०० मिली पाण्यात दोन चमचे चहापत्ती दहा मिनिटं उकळून गाळून गार करा, त्यातले दोन चमचे: तुरटपणा. बटर इसेन्सचा थेंब आधी कपभर बिअरमध्ये, त्यातला एक चमचा नव्या पेल्यात: डायअ‍ॅसिटिल. काचेच्या पेल्यातली बिअर गॅलरीत वीस मिनिटं उन्हात ठेवा: हॉप्सवर प्रकाश पडून येणारा उग्र, रानटी वास. तपकिरी बाटली का हवी हे त्या एका पेल्यात समजतं. आणि एकाच तारखेच्या दोन डार्क लागरच्या बाटल्यांपैकी एक फ्रीजमध्ये, दुसरी महिनाभर ओट्याखाली ठेवून एकत्र उघडा.

डोळे नाकाला खोटं सांगतात. काळा रंग दिसला की 'कॉफी' लिहिलं जातं. ते टाळायला एकाने आत ओतावं आणि बाकीच्यांना स्वच्छ, कोरड्या स्टीलच्या पेल्यांतून द्यावं. पुढची पायरी तीन पेल्यांची: दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतंच. म्हणून सहा वेळा करा, आणि निदान पाचदा बरोबर आलं तरच फरक खरोखर कळतो असं म्हणा.

गुण कसे द्यायचे

बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची पद्धत सोयीची आहे: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. समजा समोर श्वार्झबिअर आहे. वासात पावाची कड आणि कोको, पण तळाशी पुसट बटर: ८. रंग माणकासारखा, फेस टिकाऊ: ३. चवीत खरपूसपणा नेमका, कोरडा शेवट, पण १४ अंशांना ओशटपणा उघड: १३. स्पर्शात किंचित बुळबुळीतपणा: ३. एकूण: ६. बेरीज ३३. ३० ते ३७ म्हणजे खूप चांगली, ३८ पासून उत्कृष्ट, ४५ च्या वर क्वचित. या कागदाखाली एक ओळ ब्रूअरसाठी हवीच: 'भाजणी उत्तम, ऊबेवरचे दोन दिवस वाढवा.' नुसता आकडा त्याच्या काही उपयोगाचा नाही. आवडनिवड गुणांत घालू नका. डंकेल आवडत नसेल तर तसं बाजूला लिहा.

चौघं असाल तर सगळ्यांचे कागद भरून होईपर्यंत बोलायचं नाही. एकाने 'बटर' म्हटलं की बाकी तिघांनाही ते लागतं.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ८० मिलीचे चार नमुने तिच्या जवळ न्यायला पुरतात. ठाण्याहून वाशीला किंवा तिकडून इकडे चाखायला जाणार असाल तर ट्रान्स-हार्बर लोकलने जा.

टॅपवरून ग्राउलर (बिअर नेण्याची मोठी झाकणबंद बाटली) भरून घरी आणणार असाल तर ती आधी थंड करून घ्या आणि नळीने तळापासून, गळ्यापर्यंत भरायला सांगा. वर हवा राहिली की त्याच रात्रीपासून पुठ्ठा सुरू होतो. बर्फाच्या पिशवीत आणा, उभी ठेवा, चोवीस तासांत उघडा आणि उघडल्यावर त्याच बैठकीत संपवा. या बिअरचा गुणांचा कागद टॅपपाशीच भरा. घरी भरलेला कागद प्रवासाचाही असतो, म्हणून त्यावर भरल्याची आणि उघडल्याची वेळ लिहा.